आहाराचा पाठ : मुंग्यांची चटणी आणि आपला जवळा



मागच्या महिन्यात एका गटात आहाराची माहिती भरत होते. पाड्यावरची एक ताई हळूच म्हणाली, "पहिल्या पावसात पंखवाली वाळवी निघते ना, ती आम्ही भाजून खातो." सगळ्या हसल्या. ती जी गप्प झाली, ती पुढे बोललीच नाही. फॉर्मवर तिचा आहार 'भात, डाळ' एवढाच राहिला. म्हणून हा पाठ.

गडचिरोलीतले माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी खातात. मुंग्या आणि त्यांची अंडी मिरची-मीठ घालून वाटायची. मुंगीच्या अंगातल्या आम्लामुळे चटणी आंबट लागते. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच 'काई चटणी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला मिळालंय. कीटकांमध्ये प्रथिनं, लोह, जस्त असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१३ चा अहवाल सांगतो, जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या जेवणात कीटक असतात. शिवाय गुरांच्या मानाने कीटक पाळायला चारा, पाणी, जागा कमी लागते.

आता आपलं ताट बघा. अर्नाळ्याचा सुका जवळा आपण कांदा घालून आवडीने खातो. जवळा काही मासा नाही, तो कोलंबीचा भाऊबंद. अंगावर कवच, पायांना सांधे. कीटकांचंही तसंच. शास्त्रात दोघांचं मोठं कूळ एकच, संधिपाद. मग जवळा चालतो आणि वाळवी म्हटलं की हसू का येतं?

उद्यापासून सगळ्यांनी कीटक खा, असं मी म्हणत नाही. पण जिथे खातात तिथे एवढं लक्षात ठेवा :

१. कोलंबी-जवळा खाऊन ज्यांच्या अंगावर गांधी उठतात किंवा ओठ सुजतात, त्यांनी कीटक खाऊ नयेत.
२. फवारणी झालेल्या शेतातले, ओळख नसलेले कीटक घेऊ नका.
३. कीटक नीट भाजून किंवा शिजवूनच खा.
४. लाल मुंग्यांची सगळी घरटी काढू नका. आंबा-काजूवरची कीड त्याच खातात.
५. सुका जवळा चाळून वाळू काढा, धुवा, मगच शिजवा.

बैठकीत चर्चा करा :

- आपली आजी पावसाळ्यात रानातून, खाडीतून काय काय आणायची?
- त्यातलं काय आपण नुसत्या लाजेने सोडलं?

सचिव ताईंनी उत्तरं वहीत लिहावीत. कुणी बोलत असेल तर हसू नका, तिचं आधी पूर्ण ऐका. ताटातलं खरं कळलं, तरच आहाराचा सल्ला उपयोगी पडेल.