दिवस सांगू नकोस

आलापल्ली,
वैशाख वद्य पंचमी.

चिरंजीव भास्कर यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कंत्राटदाराच्या ट्रकवर तू चालक म्हणून रुजू झालास आणि तुझी पहिलीच फेरी पावसाळ्यापूर्वीचे धान्य घेऊन भामरागडच्या पलीकडे, लाहेरीच्या वाटेने व्हावयाची आहे, हे ऐकून तुझ्या आईच्या पोटात गोळा उठला असेल; माझे तसे झाले नाही. ज्याने तीस वर्षे तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत गोदामपालाचे काम केले आणि तुटीच्या धास्तीने कित्येकदा मालाबरोबर केबिनमध्ये बसून शेवटच्या दुकानापर्यंत प्रवास केला, त्याला या रस्त्याचे भय थोडे आणि या रस्त्यावर नव्याने येणाऱ्या तरुणाच्या उतावीळपणाचे भय अधिक वाटते.

गाडीत काय भरले आहे याचा हिशेब एकदा मनाशी करून पाहा. अंत्योदय योजनेतील कुटुंबास महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, आणि जी गावे पावसाळ्यात नदीनाल्यांमुळे तुटतात त्यांना नवसंजीवन योजनेखाली चार महिन्यांचे धान्य आधीच पोहोचते करावे लागते; म्हणजे एका चुलीमागे १४० किलो. पन्नास किलोंची दोनशे पोती तुझ्या गाडीत चढली, की दहा टन झाले, आणि दहा टनांत सुमारे सत्तर कुटुंबांचा सबंध पावसाळा ताडपत्रीखाली बांधला गेला. काट्याच्या पावतीवर हा मजकूर नसतो, म्हणून येथे लिहिला.

माल आदल्या सायंकाळी भरून घे आणि भरतीच्या वेळी स्वतः फाळक्यापाशी हजर राहा. घाईच्या हमालाचा लोखंडी आकडा बारदानात शिरला, की भोक पडते. पुढचे ऐंशी-शंभर किलोमीटर गाडीच्या हादऱ्यांनी तेथून दाणा गळत राहतो, आणि दुकानदाराच्या दारी पोते उतरले म्हणजे दोन किलोंची तूट कोणाची, यावर गोदामपाल, चालक व दुकानदार अशी तिन्ही प्रामाणिक माणसे परस्परांना चोर ठरवू लागतात. फाटके पोते बाजूस काढ, सर्वांच्या देखत दाभणाने शिव, दुकानापाशी पुन्हा वजन कर आणि जे भरेल तेच पावतीवर लिहून दे. गोदामात वर्षे काढलेला मी तुला खात्रीने सांगतो, की तूट कबूल करणाऱ्या चालकावर कोणी रागावलेच तर एक दिवस रागावते. ती लपवणाऱ्याकडे मात्र भरलेले पोते दिले तरी लोक संशयाने पाहतात.

पहाटे चारला निघालास, तर उन्हापूर्वी आलापल्लीचे सागवान मागे पडेल. तेथून पुढे रस्ता अरुंद, समोरून एस.टी. आली तर एकाने कडेच्या मातीत उतरावे लागते; भरलेल्या गाडीने उतरू नये, आधी उभे राहून समोरच्यास हात करावा. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक मी पुष्कळ पाहिले आणि त्यांच्यातील काहींचा पंचनामाही पाहिला. ब्रेकची हवा इंजिनाच्या जोरावर भरते, हे त्या बहाद्दरांना ठाऊक नसते असे नाही, परंतु ठाऊक असणे आणि पाळणे यांत अंतर असते. वाटेत झाड आडवे आढळले, तर ते वाऱ्याने पडले की माणसाने पाडले याची खातरजमा झाल्यावाचून त्याला हात लावू नकोस. गाडी मागे घे, जवळच्या गावात जाऊन बस, विचार. गावातली माणसे सांगतील तेवढेच ऐक. सांगणार नाहीत ते खोदून विचारू नकोस.

पाण्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण आषाढ-श्रावणातही एखादी फेरी तुझ्या वाट्याला येईलच. हेमलकसा सोडले, की भामरागडच्या अलीकडे पर्लकोटा आडवी येते, आणि माझ्या वेळचा तिच्यावरील ठेंगणा पूल दर पावसाळ्यात कितीदा बुडत असे याची गणना आम्ही सोडून दिली होती. नवा मनुष्य आकाश पाहतो. आकाश निरभ्र आहे, तेव्हा पाणी चढणार नाही, असा तर्क करतो. परंतु पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तिघी भामरागडपाशी एकत्र येतात, आणि दूर बस्तरच्या बाजूला पाऊस होऊन इंद्रावती फुगली, म्हणजे लहान नदीचे पाणी पुढे सरकेनासे होऊन मागे तुंबते. डोक्यावर ऊन आणि पायाखाली पूर, असा देखावा मी तेथे स्वतः पाहिला आहे. म्हणून पुलाच्या कडेचे दगड दिसेनासे झाले, की गाडी बंद कर, चाकांना ठोकळे लाव, ताडपत्रीचे रस्से तपास आणि स्वयंपाकाला लाग. भरलेली गाडी जड असते, ती वाहून जाणार नाही, असे क्लीनर म्हणेल. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, एवढेच त्याला विचार.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहावयास घेतले ते सांगतो, आणि त्यात माझीच लाज आहे. एका उन्हाळ्यात लाहेरीकडच्या एका गावी मी दुकानदाराकरवी निरोप धाडला, की मंगळवारी धान्य येईल. मंगळवारी गाडी दुसऱ्याच कामी गेली, बुधवारी चलनावर सही व्हावयाची राहिली, गुरुवारी कमानपाटा तुटला, आणि आम्ही पोहोचलो शुक्रवारी. तो हंगाम तेंदूपत्त्याचा. त्या दिवसांत माडिया बायाबापड्या झुंजूमुंजू होण्यापूर्वी रानात शिरतात, आणि वर्षाकाठी जो काही रोख पैसा हाती यावयाचा तो बहुतेक त्याच दिवसांत येतो. माझ्या निरोपाखातर पाड्यापाड्यांवरून लोक मंगळवारची मजुरी बुडवून आले, मोहाखाली दिवसभर बसले, रिकाम्या टोपल्या घेऊन परतले, आणि बुधवारी पुन्हा आले. शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा मोजकी माणसे होती. त्यांच्यातील एका म्हातारीने माझ्याकडे पाहून दुकानदारास माडियात काही विचारले. मी त्याचा अर्थ विचारला, तेव्हा तो बिचारा संकोचाने म्हणाला, "ती विचारते, साहेबांच्या गावी शुक्रवारला मंगळवार म्हणतात का?" तिच्या स्वरात उपरोधाचा लवलेश नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते, म्हणजे पुढच्या वेळी चूक व्हावयास नको. वरिष्ठांचे ताशेरे मी पुष्कळ पचवले आहेत, हा मात्र अद्याप पचलेला नाही.

तेव्हा, भास्करा, तू कोणाला दिवस सांगू नकोस. दुकानदार आग्रह करील, कंत्राटदार फोनवरून परस्पर सांगून मोकळा होईल. तू 'गाडी भरून निघाली म्हणजे कळवतो' एवढेच म्हण, आणि निघताना भामरागडच्या एस.टी.च्या वाहकाकडे निरोप दे, कारण जेथे फोन लागत नाही तेथेही पुष्कळदा त्याचा निरोप पोहोचतो. आणि एकदा दिवस तोंडातून गेलाच, तर निम्मी गाडी घेऊन जावे लागले तरी त्या दिवशी जा.

झोपेविषयी लिहिणे राहिले. माझ्या वेळी मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालचा कायदा होता. त्यात दिवसाचे आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. कायदा करणाऱ्यांनी हा रस्ता पाहिला असेल असे वाटत नाही, तरी तो अर्धा तास तू सोडू नकोस.

परतीची गाडी रिकामी असते आणि वाटेवर हात करणारे पुष्कळ. मालवाहू गाडीत उतारू घेऊ नयेत हा नियम योग्य आहे, तो पाळावा. परंतु खाटेवर घालून आणलेली अडलेली बाई रस्त्याच्या कडेला दिसली, तर जन्मभर कचेरीत कलमे वाचलेला हा मामा त्या वेळी तुला एकही कलम सांगणार नाही. तिला केबिनमध्ये घे आणि हेमलकशाच्या दवाखान्यात पोहोचव. बाबा आमट्यांनी १९७३ साली ज्या ठिकाणी काम मांडले ते तुझ्या वाटेवरच आहे. रोजनाम्यात मात्र जे घडले तेच लिही.

सोबतच्या पुडक्यात माझे जुने दाभण आणि सुतळीची गुंडी आहे. दाभणाला गंज चढला आहे. चुलीच्या राखेने घासून घे. लाहेरीच्या दुकानदारास माझा जोहार सांग, आणि ती म्हातारी अजून असेल तर तिलाही.

तुझा,
मामा