पांढरा शेफर्ड कुत्रा

आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत ठेलारी व धनगर लोक मेंढरांचे कळप घेऊन हिंडतांना आपण पाहतों. कळपाबरोबर राखणीचीं कुत्रीं असतात. अशा कुत्र्याचा रंग कोणता असावा? सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोलुमेला नामक रोमन ग्रंथकारानें लिहून ठेविलें, कीं मेंढपाळाचा कुत्रा पांढरा असावा. म्हणजे पहांटेच्या अंधुक प्रकाशांत लांडगा समजून धनी आपल्याच कुत्र्यावर घाव घालणार नाहीं.

पुढें या रंगाचें दैव फिरलें. १८९९ सालीं माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनीं जर्मन शेफर्ड जातीची संस्था स्थापिली. तिच्या नोंदवहींतील पहिला कुत्रा होरांड. त्याच्या आईचा बाप ग्राइफ पांढरा होता. तरीही १९३३ सालीं जर्मनींत पांढरा रंग बाद ठरला. तो बहिरेपणाचें व दुर्बलतेचें चिन्ह आहे, असा समज पसरला होता.

खरें कारण काय, तें पाहूं. कुत्र्याच्या केंसांत दोन रंगद्रव्यें असतात: एक काळें, दुसरें पिवळसर तांबूस. केंसांत काळें द्रव्य उतरण्यास जो जनुक लागतो, त्याची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. दोन्ही प्रती निकामी असल्या, तर काळें द्रव्य केंसांत येत नाहीं. उरलेलें पिवळें इतर जनुकांमुळें फिकें पडतें आणि कुत्रा पांढरा दिसतो. परंतु त्याचें नाक, ओठ व पापण्यांच्या कडा काळ्याच राहतात. रंगपेशी शाबूत असल्यानें या पांढरेपणाचा बहिरेपणाशीं संबंध नाहीं.

सारंगखेड्याच्या यात्रेंतील घोड्यांशीं याची गल्लत करूं नये. पुष्कळ पांढरे घोडे जन्मतः गडद असतात व वयाबरोबर पांढरे होतात. हा कुत्रा जन्मतःच पांढरा असतो.

आईबाप दोघेही रंगीत, पण प्रत्येकाजवळ एक निकामी प्रत असेल, तर चार पिलांमागें सरासरीनें एक पांढरें निघतें. मेंडेल यांनीं १८६६ सालीं वाटाण्यांवरून प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. रंगीत भावंडांपैकीं सरासरीनें तिघांत दोघे ती प्रत गुप्तपणें वाहतात. म्हणून पांढरीं पिलें टाकून दिल्यानें तो रंग नाहींसा होत नाहीं, निष्पाप जीव मात्र जातात.

१९९१ सालीं स्वित्झर्लंडनें या कुत्र्यांस स्वतंत्र जात मानिलें. आंतरराष्ट्रीय श्वानसंघानें २००३ सालीं तात्पुरती व २०११ सालीं कायमची मान्यता दिली.

तेव्हां कुत्रा पाळूं इच्छिणाऱ्यांनीं रंगावर भुलूं नये, तसेंच रंगास भिऊंही नये. चाल, श्रवण व स्वभाव पाहावा. कळप राखतात ते हे गुण.