बीपीचा आकडा आणि हिरवा स्टिकर



गावोगावच्या बैठकांत आरोग्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आशाताईंनी घरी बीपी मोजलं तर १४४ आलं, उपकेंद्रात मोजलं तर १३० आलं. मग खरं कुठलं?" दुसरी लगेच म्हणते, "मशीनच बिघडलेलं असणार." तिसरी म्हणते, "जाऊ दे गं, काही खरं नसतं त्यात."

या तिसऱ्या वाक्याची मला काळजी वाटते. गटाच्या हिशोबात शंभर रुपये कमी भरले, तर आपण वही फेकून देतो का? नाही. पावत्या काढतो, बेरीज पुन्हा करतो, चूक सापडेपर्यंत उठत नाही. आरोग्याच्या आकड्यालाही तीच शिस्त लागते. आरोग्यावर संशोधन करणारे लोक नेमकं हेच करतात. मापात चूक किती, आणि त्या मापावरून केलेला अंदाज किती खरा ठरला, याचा ते वेगळा हिशोब ठेवतात. हा हिशोब आपल्यालाही जमतो. या अंकात तोच शिकूया.

पहिली चूक: हलणारी

एकाच बाईचं बीपी दहा मिनिटांत तीनदा मोजलं तर तीन वेगळे आकडे येतात. ती उन्हातून चालत आली असेल, चहा पिऊन आली असेल, मोजताना बोलत असेल, डॉक्टरांना बघून घाबरली असेल. शरीरच मुळात एका जागी थांबत नाही. ही चूक कधी वर जाते, कधी खाली. म्हणून तिला हलणारी चूक म्हणूया.

तिच्यावर उपाय सोपा आहे, पुन्हा मोजणे. पाच मिनिटं शांत बसायचं, एकदा मोजायचं, मिनिटभर थांबून परत मोजायचं, आणि दोन्हींची सरासरी धरायची. एक माप वर गेलं असेल आणि एक खाली, तर सरासरीत ते बरंचसं मिटतं. एकाच आकड्यावर घाबरायचं नाही आणि एकाच आकड्यावर निर्धास्तही व्हायचं नाही.

दुसरी चूक: कललेली

आता आठवडी बाजारातला तराजू आठवा. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असेल, तर दहा वेळा मोजलं तरी दहाही वेळा माप चुकीचंच येणार, आणि एकाच बाजूला चुकणार. ही कललेली चूक. पुन्हा पुन्हा मोजून ती जात नाही. त्यासाठी पारड्याखाली हात घालूनच बघावं लागतं.

बीपीच्या मापात असा गोळा कुठे चिकटतो, ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. २०२३ साली त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५ माणसांचं बीपी त्यांनी दंडाला बसणाऱ्या योग्य पट्ट्याने मोजलं आणि सर्वांना लावतात त्या नेहमीच्या पट्ट्यानेही मोजलं. ज्यांचे दंड खूप जाड होते, त्यांचं वरचं बीपी नेहमीच्या पट्ट्याने सरासरी १९.५ ने जास्त आलं. ज्यांचे दंड बारीक होते, त्यांचं सरासरी ३.६ ने कमी आलं.

बारीक दंडाची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ अशा कितीतरी बाया आपल्या गटांत आहेत. गरोदरपणात वरचं बीपी १४० किंवा खालचं ९० झालं की ते वाढलेलं धरतात. समजा, एखाद्या बारीक अंगाच्या गरोदर बाईचं खरं बीपी १४२ आहे. मोठ्या पट्ट्यामुळे ते १३८ दिसलं, तर "ठीक आहे" म्हणून ती घरी जाईल. आकडा फक्त चारने चुकला, पण तिचा मार्गच बदलला.

त्याच विद्यापीठाच्या २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात हात कुठे ठेवला यावरून काय फरक पडतो ते पाहिलं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवला तर माप योग्य. मांडीवर ठेवला तर वरचं बीपी सरासरी जवळपास ४ ने जास्त आलं, आणि बाजूला लोंबता सोडला तर ६.५ ने जास्त आलं. ना मशीन बिघडलं होतं, ना माणूस आजारी पडला होता. फक्त हात खाली होता.

हिमोग्लोबिन तपासताना बोट जोरात पिळून थेंब काढला तर रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येऊ शकतो. हीसुद्धा कललेलीच चूक.

कललेल्या चुकीचा आणखी एक प्रकार आपल्या हातून होतो. बाळाचं जन्मवजन लिहिताना आकडा गोल करायची सवय. अनेक देशांच्या नोंदींत नेमकं २५०० ग्रॅम वजनाची बाळं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त सापडतात. सगळी बाळं नेमक्या अडीच किलोची जन्मतात असं नाही. लिहिणारा हात अडीचवर थांबतो. पण २५०० च्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. २४६० चं बाळ २५०० असं लिहिलं गेलं, की ते जास्त काळजीच्या यादीतून बाहेर पडतं.

चूक किती, ते कसं शोधायचं?

१९८६ साली मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी एक साधी रीत मांडली. दवाखान्यात दोन मापं जुळतात का हे पाहायला ती आज जगभर वापरतात. रीत अशी: प्रत्येक माणसाला दोन्ही साधनांनी मोजा, दर वेळी दोघांतला फरक लिहा, मग फरकांकडे बघा.

आपण वजनकाट्यावर करून बघू. समजा, अंगणवाडीचा काटा तपासून घेतलेला आहे आणि गटाचा काटा नवा आहे. पाच जणींचं वजन दोन्हीकडे केलं:

पहिली: अंगणवाडी ४८.० किलो, गट ४९.१ (फरक १.१)
दुसरी: ५२.३ आणि ५३.२ (फरक ०.९)
तिसरी: ४१.५ आणि ४२.७ (फरक १.२)
चौथी: ६०.२ आणि ६१.० (फरक ०.८)
पाचवी: ४५.० आणि ४६.० (फरक १.०)

फरकांची बेरीज ५, भागिले पाच, म्हणजे सरासरी १ किलो. गटाचा काटा एवढा कलतो. प्रत्येक फरक ०.८ ते १.२ च्या मध्ये आहे, म्हणजे काटा हलतो थोडाच. असा काटा फेकायची गरज नाही. शून्यावर आणला की झालं. पण फरक कधी ३ जास्त, कधी २ कमी असे आले असते, तर सरासरी कितीही चांगली दिसली तरी त्या काट्यावर विश्वास ठेवता आला नसता.

अंदाज किती खरा?

इथवर मापाचं झालं. आता अंदाजाकडे येऊ, कारण माप आपण घेतो ते पुढचं ओळखण्यासाठीच. गरोदर बाईचं बीपी, वजन, रक्त, आधीची बाळंतपणं पाहून कुणाला धोका आहे ते ठरवतात. २०१६ पासून पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते. जोखीम दिसली तर कार्डावर लाल स्टिकर लावतात, दिसली नाही तर हिरवा.

कुठलाही अंदाज तपासायचा असेल तर दोन प्रश्न विचारायचे:

एक, ज्यांना "धोका आहे" म्हटलं, त्यांतल्या किती जणींना खरंच त्रास झाला?
दोन, ज्यांना खरंच त्रास झाला, त्यांतल्या किती जणी यादीत आधीपासून होत्या?

हे दोन्ही प्रश्न आफ्रिकेतल्या झाईर देशात, ज्याला आज काँगो लोकशाही प्रजासत्ताक म्हणतात, कासोंगो या भागात विचारले गेले. त्याचे निकाल १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाले. तिथे काही खुणांवरून कोणती बाई बाळंतपणात अडेल याचा अंदाज केला होता. निकाल असा आला: यादीतल्या १०० बायांपैकी ९० अडल्याच नाहीत. आणि ज्या १०० खरंच अडल्या, त्यांतल्या ७१ जणींची नावं यादीत नव्हतीच.

हे कसं होतं, ते सोप्या आकड्यांत बघा. हिशोबापुरतं धरा, १००० गरोदर बाया आहेत. १०० यादीत, ९०० यादीबाहेर. यादीतल्या १०० पैकी १० अडल्या. यादीबाहेरच्या ९०० पैकी २४ अडल्या. यादीतल्या बाईला धोका जास्तच आहे: दहात एक. बाहेरच्या बाईला जवळपास अडतीसात एक. म्हणजे यादी खोटी नाही. पण बाहेरच्या बाया संख्येनेच इतक्या जास्त आहेत, की एकूण अडलेल्या ३४ पैकी २४ तिथूनच आल्या.

म्हणून १९९७ साली श्रीलंकेत कोलंबोला सुरक्षित मातृत्वावर जी आंतरराष्ट्रीय बैठक झाली, तिथे एक गोष्ट ठामपणे सांगितली गेली: प्रत्येक गरोदरपणात धोका असू शकतो. यादीतल्या बाईची जास्त काळजी घ्या, पण तयारी प्रत्येकीसाठी ठेवा.

आपल्याकडे याचा अर्थ काय? हिरवा स्टिकर म्हणजे "आज तपासलं त्यात काही सापडलं नाही". "पुढे काहीच होणार नाही" असा त्याचा अर्थ नाही. "हिचं सगळं नॉर्मल आहे, गाडीची कशाला घाई" असं सासरी कुणी म्हणालं, तर ही ३४ आणि २४ ची बेरीज त्यांना मांडून दाखवा. आणि लाल स्टिकर लागला म्हणून रडत बसायचं नाही. तपासण्या वेळेवर करायच्या आणि बाळंतपण डॉक्टर सांगतील त्या दवाखान्यात करायचं.

गटाने काय करायचं?

मोजून घेताना:
- मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या.
- पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको.
- हात छातीच्या उंचीला टेकवा. पट्टा उघड्या दंडावर बांधून घ्या, जाड बाहीवर नको. मोजताना बोलू नका.
- पट्ट्यावर दंडाच्या मापाच्या खुणा असतात. आपला दंड त्यात बसतो का, ते बघायला सांगा. हे विचारणं म्हणजे आशाताईंवर संशय घेणं नाही. त्यांनाही बरोबर आकडा हवाच असतो.
- दोनदा मोजायला सांगा. आकडा आहे तसा लिहा, गोल करू नका.

आकडा आल्यावर:
- वाढलेला आला तर "मशीन खोटं" म्हणून सोडू नका, पुन्हा मोजून घ्या आणि दवाखान्यात दाखवा. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.
- गरोदर बाईचं बीपी १६० किंवा खालचं ११० च्या पुढे गेलं, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.
- आकडा चांगला असला तरी जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच निघा. बाईचा त्रास मशीनपेक्षा आधी ऐकायचा.

तयारीसाठी:
- गटातल्या आणि शेजारच्या प्रत्येक गरोदर बाईसाठी, स्टिकर कुठलाही असो, चार गोष्टी वहीत लिहून ठेवा: कुठल्या दवाखान्यात जायचं, १०२ किंवा १०८ ची गाडी आली नाही तर कुणाची गाडी, सोबत कोण, घरी मुलांकडे कोण.
- तातडीच्या कर्जासाठी थोडी रक्कम हाताशी राहील असा ठराव करा. "लाल स्टिकर असेल तरच" अशी अट त्यात घालू नका.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. वर दाखवल्याप्रमाणे दोन काट्यांवर दहा जणींचं वजन करा. आपला काटा कलतो का, हलतो का, की दोन्ही?
२. आपल्या गावात गेल्या वर्षभरात बाळंतपणात त्रास झालेल्या बाया आठवा. त्यांतल्या किती जणींना आधी धोका सांगितला होता?
३. आज रात्री दोन वाजता कुणाला कळा सुरू झाल्या, तर पहिला फोन कोण कुणाला करेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, नंबरासकट लिहा. मी बैठकीला आले की आधी तेच पान उघडायला सांगणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक