सरकलेला पिरॅमिड

इजिप्त देशात, नाईल नदीच्या पश्चिमेस, कैरो शहराजवळ गीझा येथे प्राचीन राजांचे तीन मोठे पिरॅमिड उभे आहेत. सुमारे साडेचार हजार वर्षे ते जागचे हललेले नाहीत. परंतु १९८२ साली त्यांतील एक पिरॅमिड सरकला, आणि तोही अमेरिकेतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर!

‘नॅशनल जिऑग्राफिक’ हे ते मासिक. दूरदूरच्या देशांची उत्तम छायाचित्रे छापण्याविषयी त्याची मोठी ख्याती होती. छायाचित्रकार गॉर्डन गाहान यांनी गीझा येथे एक सुंदर छायाचित्र घेतले. पुढे उंटांवरून चाललेले स्वार आणि मागे पिरॅमिड, असा तो देखावा होता. पण चित्र होते आडवे आणि मुखपृष्ठ उभे. दोन्ही पिरॅमिड त्यात मावेनात. तेव्हा संगणकाच्या साहाय्याने त्यांच्यामधील अंतर कमी करण्यात आले आणि फेब्रुवारीचा अंक वाचकांच्या हाती पडला.

पुढे ही गोष्ट उघडकीस आली व बरीच टीका झाली. संपादकांचे म्हणणे असे की, छायाचित्रकार काही पावले बाजूस उभा राहिला असता, तर त्यास असाच देखावा दिसला असता. मग बिघडले काय? युक्तिवाद मोठा चतुर खरा; पण छायाचित्रकार तेथे उभा राहिला नव्हता!

चित्रकाराने आपल्या चित्रात एखादे झाड इकडचे तिकडे केले, तर त्यास कोणी दोष देत नाही. ‘मी हे असेच पाहिले’ अशी साक्ष तो देत नसतो. बातमीबरोबरचे छायाचित्र मात्र साक्षच होय. वाचकास काही गीझाला जाऊन खात्री करून घेता येत नाही. तो छायाचित्रकाराच्या डोळ्यांनी पाहतो. पिरॅमिड सरकल्याने कोणाचे घर बुडाले नाही, हे खरे. परंतु एकदा फसलेला वाचक पुढील चित्रांकडेही संशयाने पाहू लागतो. उद्या महापुरात बुडालेल्या गावाचे खरेखुरे छायाचित्र छापून आले, तरी ‘हेही यंत्रानेच केले असेल’ असे म्हणून तो पान उलटतो. आणि त्या गावास मिळावयाची मदत तेथेच अडते.

२०१६ साली त्याच मासिकाच्या संपादिका सुझन गोल्डबर्ग यांनी या जुन्या प्रकरणाविषयी स्वतःच लिहिले व झाले ते चुकीचे होते, हे मान्य केले. कॅमेऱ्याने टिपलेली मूळ प्रत, काहीही फेरफार न करता, आपण छायाचित्रकारांकडून मागून घेतो, असेही त्यांनी त्यात सांगितले.