सामना कुणाचा, प्रक्षेपण कुणाचे?



‘स्पर्धा कायदा’ हे शब्द आम्ही फळ्यावर लिहिले की वर्गातून हमखास प्रश्न येतो, “हा कबड्डी-क्रिकेटच्या स्पर्धांचा कायदा का?” नाही. हा कायदा बाजारातल्या स्पर्धेचा. पण एक विषय असा आहे की तिथे मैदानावरची स्पर्धा आणि बाजारातली स्पर्धा एकमेकींना भेटतात. तो विषय म्हणजे सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क.

भारताचा मोठा सामना असला की आपल्या कोलार रोडवर एक गंमत दिसते. ज्यांच्या गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे त्यांना सामना फुकट दिसतो. शेजारच्या घरात केबलवर दूरदर्शन लावले तर भलताच कार्यक्रम चालू असतो. गल्ली एक, वाहिनी एक, मग असे का? या प्रश्नाचा धागा धरून आपण आजचा पाठ शिकू.

हवा कुणाच्या मालकीची?

1993 साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो कप भरवला आणि प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन व सरकार यांनी हरकत घेतली. 1885 च्या तार कायद्यानुसार प्रक्षेपणाचा अधिकार फक्त सरकारचा, असे त्यांचे म्हणणे. ईडन गार्डन्सवर अनिल कुंबळे यांनी अंतिम सामन्यात 12 धावांत 6 बळी घेतले, भारत जिंकला. पण खटला चालूच राहिला.

9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी न्यायाधीशांनी लिहिले होते. त्याचे सार असे: ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नको आणि पैसेवाल्यांचीही नको. पाहणाऱ्याला माहिती आणि करमणूक मिळवण्याचा हक्क आहे. प्रेक्षक हा नुसता गिऱ्हाईक नसून नागरिक आहे, हे या निकालाने सांगितले.

नागपूरचा सामना

यानंतर खाजगी वाहिन्या वाढल्या आणि प्रश्न उलटा झाला. 21 जानेवारी 2007 रोजी नागपुरात भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला. हक्क निंबस या कंपनीकडे होते. आपल्याच देशातला सामना दूरदर्शनच्या प्रेक्षकांना थेट पाहता आला नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने चित्रण मिळाले, तेही सात मिनिटे उशिरा दाखवायचे. मग सरकारने फेब्रुवारीत वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण हक्कधारकाने प्रसार भारतीला दिलेच पाहिजे. जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान 75 टक्के वाटा हक्कधारकाचा.

आता गच्चीवरच्या छत्रीचे उत्तर. हे चित्रण केबलवाल्यांनीही दूरदर्शनमार्फत फुकट दाखवले तर पैसे मोजून हक्क घेणाऱ्याचे काय? 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असे मिळालेले चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणासाठी व स्वतःच्या डिश सेवेसाठीच आहे. म्हणून छत्रीवर सामना आणि केबलवर भलताच कार्यक्रम.

विकणारा एकच असेल तर?

इथपर्यंत स्पर्धा कायदा आलेलाच नाही. तो आता येतो. पूर्वी एका वसाहतीत बहुधा एकच केबलवाला असे. तो मोठा आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही. पण ‘दुसऱ्याला या गल्लीत तार टाकू देणार नाही’ असे तो म्हणाला तर? 2002 च्या स्पर्धा कायद्याचे चौथे कलम नेमके हेच पाहते. वर्चस्व असणे हा दोष नाही, वर्चस्वाचा गैरवापर हा दोष आहे.

सुरिंदर सिंग बर्मी या क्रिकेटप्रेमीने 2010 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे क्रिकेट नियामक मंडळाविरुद्ध तक्रार केली. तपासात आयपीएलच्या प्रक्षेपण करारातले एक कलम पुढे आले. या स्पर्धेला टक्कर देईल अशी दुसरी व्यावसायिक देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धा मंडळ भरवणार नाही, तिला मान्यता वा पाठिंबा देणार नाही, अशी हमी मंडळाने हक्क घेणाऱ्याला दिली होती. मान्यता देणारा पंच आणि माल विकणारा दुकानदार एकच! पंचाने आपल्या दुकानासाठी दुसऱ्याचे दार बंद केले, असे आयोगाने मानले आणि 8 फेब्रुवारी 2013 रोजी 52.24 कोटी रुपये दंड ठोठावला. 2015 मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा आदेश रद्द केला, कारण मंडळाला आपली बाजू मांडण्याची नीट संधी मिळाली नव्हती. फेरसुनावणीनंतर 29 नोव्हेंबर 2017 रोजी आयोगाने पुन्हा तेवढाच दंड सांगितला. मुलांनो, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बलाढ्य पक्षालासुद्धा ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही.

फुटबॉलची शिकवण

हेच भांडण युरोपात फुटबॉलवरून झाले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे थेट सामने 1992 पासून स्काय या एकाच कंपनीकडे होते. युरोपीय आयोगाच्या दबावामुळे 2006 मध्ये ठरले की हक्कांचे सहा गठ्ठे करायचे आणि सहाच्या सहा एकाला द्यायचे नाहीत. 2007 पासून चार स्कायला, दोन सेतांताला मिळाले. मक्तेदारी मोडली. पण सगळे सामने पाहायचे तर प्रेक्षकाला दोन वर्गण्या भराव्या लागल्या, आणि सेतांता तर 2009 मध्ये ब्रिटनमध्ये बंद पडली. म्हणजे विक्रेते वाढले की बिल कमी होतेच असे नाही.

पोर्ट्समथच्या पबचालक कॅरन मर्फी यांनी ग्रीसचे स्वस्त डिकोडर कार्ड आणून सामने दाखवले, त्यांच्यावर खटला झाला. 4 ऑक्टोबर 2011 रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की परदेशी कार्डांवर सरसकट बंदी घालून देशादेशांत भिंती घालणे स्पर्धेच्या विरुद्ध आहे. पुढच्या वर्षी त्यांची शिक्षा रद्द झाली.

आपल्या गोव्याच्या फुटबॉलची कथा मात्र वेगळी. 9 डिसेंबर 2010 रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने प्रक्षेपणासह व्यापारी हक्क आयएमजी-रिलायन्सला 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना दिले. 2014 मध्ये नवी लीग आली. 2016 मध्ये महासंघाच्या नव्या रचनेच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. करार संपत आला तेव्हा महासंघाने निविदा काढल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये एकही बोली आली नाही. म्हणजे विकणारा एक असूनही घेणारा शून्य! बाजार जिवंत राहायला दोन्ही बाजूंना माणसे लागतात.

आम्हाला काय वाटते

ऑगस्ट 2024 मध्ये आयोगाने रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांच्या विलीनीकरणाला अटींसह मान्यता दिली. क्रिकेटच्या जाहिरातींच्या जागा एकत्र बांधून विकायच्या नाहीत, ही त्यातली एक. क्रिकेटचा सामना कुठे व किती पैशांत दिसेल, हे ठरवणारी घरे आता आणखी कमी झाली. पालकांनी ‘पोरांचा खेळ’ म्हणून हा विषय सोडू नये. महिन्याची वर्गणी परवडत नाही त्या घरातल्या मुलाने उद्याचा कुंबळे कुठे पाहायचा, हा प्रश्न यात आहे. खेळाडूला पैसा हवा हे खरे. पण दार उघडे राहायला हवे, दुसऱ्या स्पर्धेसाठीही आणि छत्रीवाल्या घरासाठीही.

स्वाध्याय

1. ‘वर्चस्व’ आणि ‘वर्चस्वाचा गैरवापर’ यांतला फरक आपल्या बाजारातील उदाहरण देऊन सांगा.
2. खेळाचा पंच आणि विक्रेता एकच असावा का? दोन्ही बाजू मांडा.
3. आपल्या घरी सामने पाहण्यासाठी वर्षाला किती खर्च होतो, ते आई-बाबांच्या मदतीने मांडा. शेजारच्या तीन घरांशी तुलना करा आणि वर्गात सांगा.