विजेची नाडी कशी मोजावी?

अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीजकेंद्र आहे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. तेथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा संचातील टर्बाइन मिनिटाला ३,०००, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेते. म्हणून घरी येणाऱ्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि आवर्तकाल १/५० सेकंद, म्हणजेच २० मिलिसेकंद असतो.

परंतु हा आकडा अगदी स्थिर नसतो. विजेची मागणी अचानक वाढली, की जनित्रांवरील भार वाढतो, त्यांची गती किंचित मंदावते आणि वारंवारता उतरते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडले गेले. तेव्हापासून अमरावती आणि कन्याकुमारी येथील विजेची नाडी एकच आहे. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवावी, असा ग्रिड संहितेचा दंडक आहे. इतका सूक्ष्म फरक शाळेत मोजता येईल का?

पहिली रीत म्हणजे एका सेकंदातील आवर्तने मोजणे. पण या मोजणीत एका आवर्तनाचा फरक पडू शकतो. ५० मध्ये १ म्हणजे २ टक्के! ५० आणि ४९.९ यांतील फरक तर अवघा ०.२ टक्का आहे. तेव्हा ही रीत उपयोगाची नाही. त्याऐवजी एका आवर्तनाला लागणारा वेळच मोजू.

यासाठी एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड घ्या. त्याचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. त्यांना ८ ने भागले, की टायमरचा एक ठोका अर्ध्या मायक्रोसेकंदाचा होतो. मग ५० हर्ट्झला ४०,००० ठोके पडतील आणि ४९.९ हर्ट्झला सुमारे ४०,०८०. फरक ८० ठोक्यांचा, म्हणजे सहज दिसणारा!

स्पंद नेमका केव्हा आला, हे कसे कळावे? पाहुण्यांची वाट पाहत आपण दारात उभे राहत नाही. कडी वाजली, की हातचे काम थांबवून दार उघडतो. मायक्रोकंट्रोलरही असेच करतो. स्पंद येताच तो चालू काम थांबवतो, टायमरचा आकडा टिपतो आणि पुन्हा कामाला लागतो. यालाच इंटरप्ट म्हणतात. आकडा टिपायला थोडा उशीर होतो, पण दोन्ही वेळा तो सारखाच असेल, तर वजाबाकीत निघून जातो.

टायमर ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो. समजा, आधीचा आकडा ६०,००० आणि नंतरचा ३४,५४४ आहे. वजाबाकी ऋण आली, तर तीत ६५,५३६ मिळवा. उत्तर ४०,०८० येईल.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घड्याळाची चूक ०.२ टक्क्याहून पुष्कळ कमी हवी. म्हणून सिरॅमिक रेझोनेटरऐवजी क्वार्ट्झ स्फटिक असलेला बोर्ड वापरा. दुसरे, २३० व्होल्टच्या तारांना हात लावू नका. शिक्षकांनी जोडून दिलेला ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलर यांच्याद्वारे दर आवर्तनास एक स्पंद घ्या.

निरनिराळ्या वेळी ५०-५० वाचनांची सरासरी काढून आलेख काढा. आणि विचार करा : घड्याळाचे ठोके ८ ने भागलेच नाहीत, तर कोणती अडचण येईल?