पेट्रोल पंपाची जागा आणि सरलेला पट्टा

प्रश्न : पेट्रोल पंपासाठी दिलेल्या आमच्या जागेच्या पट्ट्याची मुदत सरली, तरी तेल कंपनी कबजा सोडत नाही. भाडे घ्यावे काय?

उत्तर : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 3 अन्वये सार्वजनिक उपक्रमांस आणि एक कोटी वा अधिक भरणा-भांडवलाच्या कंपन्यांस भाडेकरूचे संरक्षण नसल्याने कायदा बव्हंशी आपल्या बाजूस आहे, परंतु मुदतीनंतरचे भाडे बिनशर्त स्वीकारून पावती फाडलीत, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 116 चा बचाव आपणच कंपनीच्या हाती आयता द्याल. (अशा पावत्यांवर कित्येक वकिलांची घरे उभी आहेत.) घेणेच झाले, तर ‘हक्कास बाध न येता, नुकसानभरपाईपोटी’ असा शेरा मारावा. नामफलक, बोधचिन्ह मात्र कंपनीचेच. कबजा मिळाल्यावर त्याखाली एक लिटरही विकू नये. दाव्यापूर्वी मूळ दस्त वकिलास दाखवावा.